कट्टा: एका कवितेच्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

मंडळाची बैठक दुकानातच उरकली. मंडळ म्हणजे आम्ही पाच जण आणि एक थर्मास. दरवर्षीसारखंच काम: एक कविता, एक कागद. ए-फोर कागदाला मधोमध घडी, बाहेर चित्र, आत कविता, २०० प्रती. १९ जानेवारीला बेळगावजवळच्या एका गावात साहित्य संमेलन आहे. तिथं दुपारच्या कविसंमेलनात कविता वाचायची आणि कागद वाटायचा. आमच्या भागात थंडी पडली की कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावोगावी संमेलनं भरतात. ऊस तोडायचा आणि कविता वाचायचा हंगाम एकच.

यंदा कविता माझ्या गळ्यात आली. विषय मास्तरांनी दिला: म्हातारपण, गरिबी आणि माणसाचा मान. मास्तर निवृत्त झाले, पण निबंधाचे विषय द्यायची सवय काही निवृत्त झाली नाही.

५ नोव्हेंबर

निपाणीत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान. लग्नपत्रिका, अर्ज, जमिनीचे उतारे, आधारची कामं. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. सरकारी पेन्शनवाल्यांना तो याच महिन्यात द्यावा लागतो. बिडी कामगारांची पेन्शन ईपीएस-९५ मधली, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेतली, त्यांना वर्षात कधीही दिला तरी चालतो, पण गल्लीत एक निघाली की मागोमाग सगळ्या निघतात. २०१४ पासून हा दाखला बोटाच्या ठशावर ऑनलाइन निघतो. माझ्याकडं ते छोटं मशीन आहे. लाल दिव्याची काच, त्यावर अंगठा ठेवायचा.

आज एक आज्जी तिसऱ्यांदा आल्या. अंगठा काचेवर ठेवला, पदराला पुसून परत ठेवला, मी खोबरेल लावून बघितलं, मग दुसरा अंगठा, मग एकेक करून दहाही बोटं. मशीन दरवेळी हिंदीत सांगतंय की ठसा जुळत नाही. मागं लाइन लागलेली. मी म्हटलं, "आज्जी, उद्या या, सकाळी सर्व्हर बरा असतो." सर्व्हरला काही झालेलं नव्हतं. त्या काही न बोलता चप्पल घालून गेल्या.

रात्री पहिला खर्डा लिहिला. सुरुवात अशी:

थरथरत्या हातांनी ती धरते
कचेरीच्या दाराची चौकट.
साहेब वर बघत नाही.

सोळा ओळी एका बैठकीत झाल्या. इतकं सोपं गेलं तेव्हाच शंका यायला हवी होती.

७ नोव्हेंबर

मास्तरांना आवडली. 'साहेब वर बघत नाही' ही ओळ त्यांनी दोनदा म्हणून बघितली. पेंटरनं (साइनबोर्ड रंगवतो, आमची चित्रं तोच काढतो) वाचून कागद परत दिला आणि म्हणाला, "ही बाई मी कॅलेंडरवर बघितलीय." राग आला. घरी आल्यावर कळलं की राग कशाचा आलाय. त्याचं खरं होतं.

११ नोव्हेंबर

आज जरा सविस्तर लिहितो.

आज्जी नातीचा फोन घेऊन आल्या. चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय २०२१ पासून आहे, मला ती माहीत होती. माझ्या जुन्या फोनवर ते अॅप अडकतं म्हणून मी त्या वाटेला जात नव्हतो, एवढंच. नातीचा फोन नवा निघाला. माझ्या दुकानात काम करणारी मुलगी हुक्केरीकडची, कन्नड शाळेत शिकलेली. तिनं अॅप चढवलं, आधार घातला, आणि फोन आज्जींसमोर धरला.

आज्जी म्हणाल्या, "थांब." पिशवीतून फणी काढली. कपाळावरचे केस मागं घेतले, पदर दोन्ही खांद्यांवरून सारखा केला, डोळ्याच्या कडा बोटानं पुसल्या. मी म्हटलं, "आज्जी, हा फोटो कुणी बघणार नाही, मशीनच बघतंय." तर म्हणाल्या, "मड्याला सुदिक आंघूळ घालून नेत्यात. ह्यो तर जित्याचा फोटू हाय."

अॅप डोळे मिटून उघडायला सांगतं. फोटो फोटोचा नाही, माणसाचाच आहे हे त्याला त्यावरून कळतं. मुलगी म्हणाली, "कण्णु मुच्ची तेगीरी, अज्जी." आज्जींनी तिला कन्नडमध्येच हो म्हटलं आणि पापणी लववली. एकदाच, सावकाश. हिरवी खूण आली. तीन खेपा घालून जे झालं नव्हतं ते एका पापणीत झालं.

मी पैसे नको म्हटलं. तीन खेपा माझ्यामुळंच झाल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. गेल्यावर बघितलं तर स्टेपलरखाली पन्नासची नोट.

आता कवितेचं. खर्डा काउंटरवरच पडलेला. नोट ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "ह्ये काय लिवलायस?" मी वाचून दाखवली. वाचताना आवाज आपोआप जड झाला, कविसंमेलनात होतो तसा. ऐकून म्हणाल्या, "कुणाची म्हातारी ही?"

"अशीच. कुणाचीही."

"हात थरथरत्यात तिचं?"

"हो."

त्यांनी दोन्ही हात काउंटरवर पालथे ठेवले. काचेवर पाण्याचा पेला ठेवावा तसे ते राहिले, जराही हलले नाहीत. "बिडी वळणारीचं हात थरथरलं तर माल छाटून टाकत्यात. माझी बिडी कवाच छाटली न्हाई." आणि मग, जाता जाता, "आणि सायब कुठं हुता रं? तूच हुतास की."

१२ नोव्हेंबर

खर्डा फाडला नाही, फाइलमध्ये ठेवलाय. त्यावर लाल पेनानं लिहिलं: हात, साहेब, चौकट, तिन्ही खोटं.

१६ नोव्हेंबर

त्यांच्या घरी गेलो होतो. खोली एकच, पण लख्ख. आज्जी आता वळत नाहीत, सून वळते. मी बघायला आलोय म्हटल्यावर सुनेच्या मांडीवरचं सूप त्यांनी आपल्याकडं ओढलं.

तेंदूचं पान भिजवून फडक्यात गुंडाळलेलं. ते पुसायचं, पत्र्याचा साचा वर ठेवायचा, कात्रीनं कडेनं कापायचं. शीर मधे आली तर ते पान बाजूला. चिमटीत तंबाखू घेऊन पानावर पसरायची, एका टोकाला जरा जास्त. मग दोन्ही अंगठ्यांनी वळायचं. इथंच ते अंगठे झिजतात. दर बिडीला अंगठ्याचं पेर पानावरून घासत जातं. शेवटी तोंड मोडून नखानं आत दाबायचं आणि दोऱ्याचा वेढा. मी मोबाइलवर मोजलं, वीस सेकंदांच्या आत एक. डोळे माझ्याकडं, गप्पा चालू, हात आपले चाललेले.

पंचवीस झाल्या की एक कट्टा. चाळीस कट्टे म्हणजे हजार, मजुरी हजारावर. चौदाव्या वर्षी सुरुवात केली. मी दुकानात येऊन कॅल्क्युलेटरवर हिशोब केला, कमीच धरून: दिवसाला हजार, वर्षाचे २५० दिवस, ३५ वर्षं. ८७,५०,००० बिड्या. कट्टे ३,५०,०००. काचेवर काय ठसा उमटणार?

मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, निपाणी आहे तर १९८१ आलंच पाहिजे. तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला होता, ६ एप्रिलला गोळीबार झाला, ते सगळं कवितेत आणा. मी आज्जींना विचारलंच होतं. त्यांना ते दिवस आठवतात ते असे: वखारी बंद, पान नाही, तंबाखू नाही, बिडी नाही, मजुरी नाही. कुणाचं चुकलं यावर त्या काही बोलल्या नाहीत. हे कवितेत घालायचं तर दुसरी कविता लागेल.

२० नोव्हेंबर

पैशांचं एक नीट लिहून ठेवतो, कारण कवितेचा कणा तोच होणार असं वाटतंय.

त्यांच्या नावावर दोन रकमा येतात. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० आणि पेन्शनचे १०००. मला वाटलं होतं की २००० चं कौतुक जास्त असेल. तसं नाही. ते आले की सुनेकडं जातात, घरात, नातीच्या फीला. "त्ये सरकारनं दिल्यालं. बरं केलं. पर हजार माझं. त्ये माझ्या बोटाचं हाय." गृहलक्ष्मीचा मेसेज आला का हे त्या सुनेला विचारायला लावतात. पेन्शनच्या हजारासाठी मात्र स्वतः पासबुक घेऊन बँकेत जातात आणि छापून आणतात.

आपण दोन्हींना 'मदत' म्हणून मोकळे होतो. पेन्शन ही थकवून दिलेली मजुरी आहे, हे मी इतकी वर्षं फॉर्म भरून कधी म्हणालो नव्हतो. १९७७ पासून बिडी धंद्याला भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू झाला, आणि घरी बसून वळणाऱ्यांनाही तो लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये सांगितलं. आज्जींना यातलं साल एकही माहीत नाही. आपल्याच कामाचं परत येतंय, एवढं पक्कं माहीत आहे.

२५ नोव्हेंबर

दिवसभर एका शब्दावर. मास्तरांच्या विषयातला 'मान' हा कवितेत कुठल्या शब्दानं यावा?

'प्रतिष्ठा' मी रोज टाइप करतो, लग्नपत्रिकेत, 'प्रतिष्ठित' म्हणून. तो हॉलभाड्याबरोबर येणारा शब्द आहे. 'सन्मान' म्हटलं की शाल-नारळ. 'स्वाभिमान' निवडणुकीच्या बॅनरवर झिजला. 'अब्रू' आपल्याकडं फक्त जाते. कुणाची अब्रू आली असं मी ऐकलेलं नाही.

पण अब्रूचं मूळ बघितलं आणि तासभर तिथंच बसलो. फारसीतला शब्द. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्याचं पाणी. मराठीत आपण 'आब राखणे' म्हणतो तोही तोच आब. आणि इथं अंगठा हरल्यावर आज्जी जिवंत ठरल्या त्या चेहऱ्यावरून, फणी फिरवून आणि डोळ्याच्या कडा पुसून.

लगेच चार ओळी लिहिल्या, त्यात 'चेहऱ्याचं पाणी' आणलं. सकाळी वाचल्यावर शब्दकोश उघडून बसलेला माणूस दिसला. काढल्या. निर्णय: या कवितेत मान, आब, अब्रू यांतला एकही शब्द येणार नाही. पदर सारखा करणं येईल.

१ डिसेंबर

छंदाचा घोळ. अष्टाक्षरीत बसवून बघितलं: 'पान भिजवून ओलं / ठेवी फडक्यात बाई'. ऐकायला गोड लागतं आणि तीच अडचण आहे. बाई लगेच जात्यावर बसते, पहाट होते, कोंबडा आरवतो. ओवीला जातं लागतं, आज्जींच्या मांडीवर सूप होतं. मोजणी हवी, पण आठ अक्षरांची नको. मुक्तछंद, त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच तोंडून.

बोलीत लिहायला लागलो आणि पहिल्याच दिवशी अडलो. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, कोल्हापूर ते बेळगाव सगळीकडं. मी सवयीनं 'आले', 'चुकले' टाइप केलं होतं. आज्जी 'मी न्हाई चुकलो' म्हणतात. पुण्याकडचा वाचक म्हणेल, व्याकरण चुकलं. म्हणू दे. 'लो' कायम.

५ डिसेंबर

एक कडवं लिहिलं आणि काढलं. इथं मात्र जपून ठेवतो.

कर्नाटकात काही गावांत पूर्वी घराच्या दारावर 'नाळे बा' लिहीत, म्हणजे 'उद्या ये'. रात्री भूत दार वाजवायला आलं की ते वाचतं आणि परत जातं, दुसऱ्या रात्री परत तेच वाचतं. माझ्या दुकानातली मुलगी गिऱ्हाइकाला 'नाळे बर्री' म्हणते, मी 'उद्या या' म्हणतो. जिवंत असल्याचा दाखला मागायला आलेल्या बाईला आम्ही तीन दिवस भुताला सांगतात ते सांगितलं.

लिहिलं तेव्हा अंगावर काटा आला. पण आज्जींना वाचून दाखवण्याची कल्पना केली तर त्या म्हणणार, भूत कोण, मी? कल्पना माझी होती आणि माझ्या अपराधाची होती. त्यांच्या तोंडी ती घालायची म्हणजे आपलं ओझं त्यांच्याच डोक्यावर द्यायचं.

९ डिसेंबर

आजपासून बेळगावात विधानसभेचं अधिवेशन. रस्त्यावर पोलीस, मराठी मेळाव्याला बंदी, नेहमीचं. संयोजकांचा फोन आला: "कविता आज्जीवर आहे म्हणता, उत्तम. त्यात सीमेचंही काही असू द्या. कन्नड कचेरीत मराठी म्हातारीची अडवणूक, असं काही. लोक उचलून धरतील."

त्यांना दोष देत नाही. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेव्हापासून आमच्याकडं व्यासपीठ आणि मोर्चा यांच्यात भिंत अशी नाहीच. माझ्या दुकानाच्या पाटीवर यंदा सरकारनं साठ टक्के कन्नड करून घेतलं, त्याचं मलाही लागलंय. पण या कामात मराठी म्हातारीला अडवलं ते मराठी दुकानदारानं, आणि सोडवलं ते कन्नड मुलीनं. नुसतं भाषेचं म्हणून आज्जींना विचारलं तर म्हणाल्या, "भाषेचं काय न्हाई बाबा ह्यात. अंगठ्याचं हाय."

संयोजकांना कळवलं, सीमा जमत नाही.

१४ डिसेंबर

पेन्शनचं सूत्र कवितेत येतंय का बघतोय. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. मजुरी कमी, त्यामुळं उत्तर इतकं बारीक येतं की सप्टेंबर २०१४ पासून सरकारनं किमान १००० ठरवले. आज्जींना त्याआधी साडेसहाशेच्या आसपास मिळत. हजार म्हणजे दिवसाला ३३ रुपये आणि काही पैसे.

'भागिले सत्तर' हे शब्द आपले आपण कवितेत येऊन बसले. आज्जींचं वय ७२.

मास्तरांची हरकत: पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते, सत्तरीला नव्हे. बरोबर आहे. ओळ तशीच ठेवली आहे.

२१ डिसेंबर

मंडळात वाचन. २३ ओळी. सगळ्यांना एकच ओळ सर्वांत आवडली: 'बाकी हाय ही, भीक न्हवं.' मास्तरांनी टाळी दिली. संमेलनात इथंच टाळ्या पडणार हे मलाही वाचतानाच कळलं होतं, थांबलोही होतो तिथं जरा.

रात्री तीच ओळ खोडली. आज्जींनी कधी भीक हा शब्द काढलाच नाही. माझ्या डोक्यात तो होता म्हणून मला तो नाकारायची गरज पडली.

२८ डिसेंबर

कागद आणायला बेळगावला. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी म्हणून शहरभर रोषणाई केलेली. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकच अधिवेशन. परवा रात्री मनमोहन सिंग गेल्यानं कार्यक्रम थांबले, दिवे तेवढे झाडांवर राहिलेत. १०० जीएसएमचा पिवळसर कागद घेतला. येताना बसमध्ये सगळ्या बायका शून्य तिकिटाच्या, मी एकटा पैसे मोजणारा. मागं कुणीतरी त्यावरून चेष्टा करत होतं.

३ जानेवारी २०२५

आज्जींना नवी कविता वाचून दाखवली, त्यांच्या दारात, उन्हाला बसून. या वेळी आवाज जड होऊ दिला नाही. त्या वाचता येत नसलेल्या माणसांसारखं पूर्ण ऐकतात. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता, मला वाटलं जप चाललाय.

वाचून झाल्यावर गप्प. मग, "बरं हाय. खोटं न्हाई त्यात." आणि लगेच, "पर कट्टा पुरा न्हाई."

"म्हणजे?"

"बावीस झाल्या. कट्टा पंचवीसचा असतोय. तीन कमी हाईत."

त्या ओळी मोजत होत्या. मी जिथं थांबत होतो तिथं एक पेर.

मी म्हटलं, सांगा तीन. तर हसल्या, "मी काय सांगू? तू इचार, मी सांगतो." मी विचारलं, हजाराचं काय करता? "शंभर नातीला, पैल्या तारखेला. आखाडात शंभर दिंडीला, पंढरपूरला जाणाऱ्याला. मला आता चालणं हुत न्हाई." आणि उरलेले? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पासबुकच मागितलंय. "उरल्यालं कुणाला सांगायचं नसतंय."

घरी येईपर्यंत चौकात दोनदा थांबून खिशातल्या कागदावर लिहून घेतलं, विसरेन या भीतीनं.

५ जानेवारी

अंतिम. नावही बदललं. आधी 'हयातीचा दाखला' होतं.

कट्टा

पान भिजवलं, पुसलं, साच्यावर कापलं,
सुपातली तंबाखू चिमटीनं मापली,
वळली, तोंड मोडलं, दोरा आवळला.
अशा पंचवीस झाल्या की कट्टा.
चाळीस कट्ट्यांचं एक हजार,
हजाराचा एक दिवस.
दिवस मोजायचं काम मुकादमाचं,
बिड्या मोजायचं माझं.
त्यो चुकला कैकदा.
मी न्हाई चुकलो.
आता इचारत्यात, आज्जी जित्ती हाय का?
काचंवर अंगठा ठेवला.
काच म्हणाली, वळख पटंना.
पटंल कशी?
अंगठ्यावरची रेघ अन् रेघ
एकेका कट्ट्यात बांधून गेली,
कुणाकुणाच्या खिशात जाऊन पेटली.
पगार गुणिलं वरसं, भागिलं सत्तर.
सत्तरनं भागलं मला, सत्तरीला आलो तवा.
खाली ऱ्हायलं हजार.
त्येच्यासाठी पदर सारखा केला,
फोनम्होरं पापणी लवून दावली.
शंभर नातीच्या हातावर,
शंभर पंढरीच्या दिंडीला,
उरल्यालं कुणाला सांगत न्हाई.

मास्तर म्हणाले, शेवट अर्धवट वाटतो, काहीतरी वर जायला हवं. मी म्हटलं, मोजून बघा, पुरा आहे.

१२ जानेवारी

जुळणी. श्रीलिपीतून युनिकोडला आणताना 'ऱ्हायलं' चा र फुटला, तीन वेळा. मोबाइलवर वाचायला पाठवली तर कीबोर्डनं 'न्हाई'चं 'नाही' करून टाकलं. दोन्ही दुरुस्त.

पेंटरनं आधी काठी टेकलेली, वाकलेली म्हातारी काढून आणली. मी काही बोललो नाही, त्यालाच त्याचं कॅलेंडरचं वाक्य आठवलं. आता नुसतं सूप आहे, वरून बघितल्यासारखं, त्यात कात्री आणि पत्र्याचा साचा. सूप छान उतरलंय, वीण मोजता येते.

संयोजकांना कवितेचं नाव कळवलं तर फोनवर थोडा वेळ शांतता. त्यांना गावठी कट्टा वाटला होता.

१९ जानेवारी

वाचली. अकरावा नंबर, प्रत्येकाला तीन मिनिटं. टाळ्या बेताच्या. माझ्या आधीच्या कवीनं सीमेवर गायली होती, मांडव हलला होता. उतरताना चहावाल्यांच्या टेबलाशी एक बाई आली, कागद मागितला, तिथंच उभ्यानं वाचला आणि स्वतःचा अंगठा उजेडाकडं धरून बघितला. काय काम करते ते विचारायचं राहून गेलं.

२१ जानेवारी

आज्जींना त्यांची प्रत दिली. सुनेनं वाचली, आज्जींनी पेरांवर मोजली. पंचवीस. कागद घडीवर दुमडला, पासबुकाच्या प्लॅस्टिकमध्ये सरकवला.

"किती काढल्यास?"

"दोनशे."

अंगठा पेरांवर पुन्हा सरकला.

"म्हंजी आठ कट्टं. दोन तासाचं काम."